पचमढीत कुणी काय पाहावं

दिवाळीची सुटी जवळ आली की इंदूरच्या मेघदूत बागेत संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एकच विषय सुरू होतो. ‘पचमढीला दोन दिवस पुरतात का?’ ‘आपली गाडी सगळीकडे जाते का?’ ‘बी फॉल आणि जमुना प्रपात दोन्ही करायचे, की एक पुरे?’ आणि थोडं थांबून, जरा हळू आवाजात, ‘आईला घेऊन जाता येईल का हो?’

विजय नगरातल्या ओळखीच्या घरांतून हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेले आहेत, की एकदाच सविस्तर लिहून द्यावं असं वाटलं. माझं सांगणं थोडक्यात असं आहे: पचमढीतल्या ‘पॉइंट’ची यादी हातात घेऊन निघू नका. आपल्याबरोबर कोण आहे, त्यांचे पाय किती चालतात आणि आपल्याकडे किती दिवस आहेत, एवढं आधी ठरवा. कुठे जायचं ते त्यावरून आपोआप ठरेल.

आधी नावांचा घोळ मिटवा

पचमढीतल्या बहुतेक ठिकाणांना दोन नावं आहेत, इंग्रजांनी ठेवलेलं एक आणि नंतर दिलेलं हिंदी एक. पाटीवर एक, जिप्सीवाल्याच्या तोंडी दुसरं आणि मोबाइलच्या नकाशात तिसरंच काही. त्यामुळे एकच धबधबा यादीत दोनदा येतो आणि त्याचा हिशेबही दोनदा धरला जातो. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे:

- बी फॉल म्हणजेच जमुना प्रपात.
- सिल्व्हर फॉल किंवा बिग फॉल म्हणजे रजत प्रपात.
- फेअरी पूल म्हणजे अप्सरा विहार.
- डचेस फॉल म्हणजे जलावतरण.
- फोर्सिथ पॉइंट म्हणजे प्रियदर्शिनी पॉइंट.
- आयरीन पूल म्हणजे रम्य कुंड.

उलटा प्रकार महादेवाचा. महादेव, गुप्त महादेव, छोटा महादेव आणि जटाशंकर ही चार वेगवेगळी ठिकाणं आहेत. ‘महादेव झाला’ असं कुणी म्हणालं तर कोणता, ते विचारून घ्या.

फोर्सिथ हे नाव पुन्हा पुन्हा कानावर येईल. १८५७ च्या सुमारास कॅप्टन जेम्स फोर्सिथने हे पठार ‘शोधलं’ असं गाइड सांगतात. इंग्रजांचं ठाणं त्यानंतर इथे उभं राहिलं हे खरं, पण गोंड आणि कोरकू माणसं या डोंगरात त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होती. मुलांना गोष्ट सांगताना तेवढी दुरुस्ती जरूर करा.

किती दिवस काढावेत

तीन मुक्काम. दोन मुक्कामांत पचमढी ‘होते’, पण अर्धा वेळ गाडीत आणि उरलेला रांगेत जातो. विजय नगरहून रस्त्याने अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे, म्हणजे जाण्यायेण्याचे दोन दिवस प्रवासातच गेले. मधे निदान दोन पूर्ण दिवस मोकळे मिळाले नाहीत तर हा खटाटोप करू नका. एवढी सुटी नसेल तर मांडू आहे, जानापाव आहे. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालात तर रात्री घरी येता येतं.

जायचं कसं

*स्वतःच्या गाडीने:* विजय नगर चौकातून देवास नाका, पुढे देवास, आष्टा, सिहोर करत भोपाळ. तिथून ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद), सोहागपूर, पिपरिया आणि मटकुली. मटकुलीनंतर घाट लागतो. वाटेतले थांबे धरून आठ-नऊ तास मोजा. पहाटे पाचला निघालात तर घाट उजेडात चढाल, आणि तो उजेडातच चढावा. रस्ता जंगलातला आहे, वळणं आंधळी आहेत आणि जनावरं रस्त्यावर येतात.

*रेल्वेने:* पचमढीला रेल्वे नाही. सर्वांत जवळचं स्टेशन पिपरिया, तिथून वर साधारण पन्नास किलोमीटर. इंदूरहून जबलपूरला जाणारी ओव्हरनाइट एक्स्प्रेस आणि बिलासपूरला जाणारी नर्मदा एक्स्प्रेस, दोन्ही पिपरियाला थांबतात. दोन्ही गाड्या तिथे मध्यरात्रीनंतर उतरवतात, आणि इथेच दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक उतरल्यावरची. झोपेत असलेली मुलं, सामान आणि मिळेल ती टॅक्सी, असं करून लोक रात्री दोन-तीनला घाट चढायला लागतात. प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत बसा, स्टेशनबाहेर चहा घ्या आणि पहिल्या बसने किंवा जीपने वर जा. वृद्ध माणसं बरोबर असतील तर हॉटेलकडूनच सकाळची गाडी आधी ठरवून ठेवा.

दुसरी चूक परतीच्या तिकिटाची. गाडी जबलपूरहून रविवारी रात्री निघते, पण पिपरियाला येते तोवर बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख सोमवारची. तिकिटावर तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनची तारीख लागते. आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचलं होतं, हातातलं तिकीट आदल्या रात्रीचं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तेव्हा तारीख दोनदा वाचा, शक्य तर दोघांनी वाचा.

परवाना आणि जिप्सी

पचमढीला पोचल्यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. गावाभोवतीचं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं आहे, आणि काही ठिकाणी जायला वनविभागाचा परवाना आणि नोंदणी झालेली जिप्सी लागते. परवान्याचं काम बायसन लॉजवर चालतं. ही फोर्सिथच्या काळातली, १८६२ ची इमारत. आत छोटं संग्रहालय आहे. रांगेत एकाला उभं करून बाकीच्यांनी ते पाहून घ्यावं.

ढोबळ विभागणी अशी:

- स्वतःच्या गाडीने: पांडव गुंफा, जटाशंकर, हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, महादेव आणि गुप्त महादेव, राजेंद्रगिरी, तलाव, जुनी चर्चं.
- परवाना आणि जिप्सीने: धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार आणि रजत प्रपात, रीछगड.

वनविभाग हंगामानुसार आणि पावसानुसार काही वाटा बंद ठेवतो. म्हणून पोचल्या संध्याकाळीच बायसन लॉजवर चक्कर मारा आणि तीन गोष्टी विचारा: उद्या काय बंद आहे, खिडकी किती वाजता उघडते, धूपगडचा प्रवेश किती वाजता थांबतो. हॉटेलच्या काउंटरवर मिळणाऱ्या माहितीवर विसंबू नका, ती बरेचदा मागच्या हंगामाची असते.

जिप्सी ठरवताना:

- भाडं माणशी आहे की गाडीचं, ते आधी स्पष्ट करा.
- कोणती ठिकाणं, किती तास, प्रत्येक ठिकाणी किती थांबणार, हे चालकासमोर कागदावर लिहा.
- वनविभागाचं प्रवेशशुल्क भाड्यात धरलंय की वेगळं, ते विचारा आणि शुल्काची पावती स्वतःकडे ठेवा.
- ‘एका दिवसात बारा पॉइंट’ असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

चालणाऱ्यांसाठी

तुमचे पाय धड असतील तर पहिला पूर्ण दिवस अप्सरा विहार आणि रजत प्रपाताला द्या. जिप्सी सोडते तिथून वाट झाडांतून उतरते. अप्सरा विहार हा उथळ कुंडासारखा भाग, वरून पाणी छोट्याशा पायरीवरून पडतं. बहुतेक लोक इथेच फोटो काढून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. पुढे दगडांतून जेमतेम दहा-पंधरा मिनिटं गेलात की तेच पाणी कड्यावरून एकदम खाली झेपावताना समोर दिसतं. उंची साधारण एकशे सात मीटर. सकाळचं ऊन पडलं की पाण्याची ती रेघ खरोखर चांदीची दिसते आणि ‘रजत’ नाव का दिलं ते कुणी सांगावं लागत नाही. कठड्याला हात टेकवून पाच मिनिटं गप्प उभे राहा. खालच्या दरीतून येणारी गार हवा चेहऱ्याला लागते आणि पाण्याचा आवाज मात्र बऱ्याच खालून, उशिरा आल्यासारखा येतो.

वाटेत झाडांकडेही पाहा. साल आणि साग ही दोन झाडं आपापले मुलूख वाटून घेऊन राहणारी, पण सातपुड्याच्या या भागात ती एकमेकांना भेटतात. शेकरू दिसलं तर मुलांना जरूर दाखवा, तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी. फांदीवरून लोंबणारी लांब झुपकेदार शेपटी आधी दिसते, खार नंतर.

बी फॉलबद्दल मात्र एक सावधगिरी. हा पचमढीतला सर्वांत लोकप्रिय धबधबा. लांबून पाण्याचा आवाज मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा येतो म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. खाली जायला पायऱ्या आहेत आणि उतरताना त्या काहीच वाटत नाहीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आई सगळ्यांच्या पुढे होती, पदर खोचून, नातवाचा हात धरून. वर येताना ती मधल्या वळणावर बसली ती उठेना. उजवा हात गुडघ्यावर, डाव्या हातात शिकंजीचा ग्लास, आणि ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते’ हे दर पाच मिनिटांनी. वर पोचायला आम्हाला सव्वा तास लागला, आणि त्या रात्री तिचा गुडघा पुरीसारखा फुगला होता. दोष पायऱ्यांचा नव्हता, आम्ही न विचारता तिला खाली नेलं हा होता. पचमढीचे बहुतेक धबधबे वरून खाली उतरून पाहायचे आहेत. म्हणजे दम असतो तेव्हा उतार आणि दमल्यावर चढ. गुडघ्याचा त्रास असेल त्यांना वरच्या टप्प्यावर सावलीत बसवा आणि त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा.

डचेस फॉलची उतरण याहून खडी आहे. नेहमी डोंगर चढणाऱ्यांनीच, वाट खुली असल्याची खात्री करून, तिकडे जावं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी

त्यांच्या वाट्याला दुय्यम पचमढी येते असं समजू नका. हांडी खोह ही शंभरेक मीटर खोल, सरळ कड्यांची दरी गाडीतून उतरल्यावर थोड्याच पावलांवर आहे. शंकराने इथे एका नागरूपी राक्षसाला कोंडलं अशी कथा स्थानिक लोक सांगतात. मुलं ती कान देऊन ऐकतात. प्रियदर्शिनी पॉइंटवरून चौरागड, महादेव आणि धूपगड ही तिन्ही शिखरं ओळखून घेता येतात. राजेंद्रगिरी ही बाग डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या नावाची. संध्याकाळी तिथे ज्येष्ठांना निवांत बसता येतं.

जटाशंकरला काही पायऱ्या उतराव्या लागतात, पण कठडा धरून सावकाश जमतं. मोठमोठ्या दगडांच्या फटीत, ओलसर गारव्यात महादेव आहे. भर मे महिन्यातही आत गेल्यावर अंगावर काटा येतो. फरशी निसरडी असते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून ज्येष्ठांचा हात सोडू नका. गुप्त महादेवाची फट फार अरुंद आहे, आडवं होऊन सरकत जावं लागतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडावेत.

चौरागड: नवस असेल तर, नसेल तरीही

विदर्भातल्या माणसांना चौरागड वेगळा सांगावा लागत नाही. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूल घेऊन महाशिवरात्रीला इथे येणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. नागपूरकडची माणसं छिंदवाडा, तामिया, मटकुली या वाटेने वर येतात. शिखरावर अर्पण केलेल्या त्रिशुळांचे ढीग आहेत. हातभर लांबीचे आहेत, आणि चार माणसांनी मिळून वर आणले असतील असेही.

वाट महादेव गुंफेपासून सुरू होते. एका बाजूने साडेतीन-चार किलोमीटर, आणि शेवटी बाराशेच्या वर पायऱ्या. जाऊन-येऊन पाच तास धरा. सकाळी सातला चढायला लागा, माणशी दीड-दोन लिटर पाणी घ्या आणि अकराच्या आत वर असा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी औषध आणि खाणं खिशात ठेवावं, बॅग दुसऱ्याच्या पाठीवर असेल तर ऐन वेळी हाती येत नाही. वाटेत माकडं आहेत. प्रसादाची पिशवी उघडी धरू नका आणि त्यांना खायला घालू नका.

मला विचाराल तर पचमढीत एकच गोष्ट करायची असेल आणि पाय साथ देत असतील, तर चौरागड करा.

धूपगडचा सूर्यास्त

धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातलं आणि साऱ्या मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही इथून दिसतात, पण पर्यटक येतात ते सूर्यास्तालाच, आणि सगळे एकाच वेळी. सुटीच्या दिवसांत शेवटच्या अर्ध्या तासात वर जाणाऱ्या जिप्सींची रांग लागते आणि सूर्य कठड्यावरच्या मोबाइलांच्या गर्दीतून पाहावा लागतो. तासभर आधी पोचा. स्वेटर हातात ठेवा, कारण सूर्य टेकला की मिनिटभरात थंडी वाजते. आणि सूर्य बुडाल्यावर लगेच पळू नका. त्यानंतरची दहा मिनिटं डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात, तेच खरं पाहण्यासारखं.

पाण्याशी खेळ नको

२०११ च्या जुलैत पाताळपाणीला काही क्षणांत वाढलेल्या पाण्यात सहलीला आलेली माणसं वाहून गेली, ते इंदूरकर अजून विसरलेले नाहीत. पचमढीतही तेच शास्त्र आहे. पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि लोंढा खालच्या कुंडात येतो, तुमच्या डोक्यावर मात्र ऊन असतं. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला की सामान सोडून बाहेर या. जिथे उतरायला मनाई आहे तिथे पाऊलभरही उतरू नका. शेवाळलेला दगड आणि रबरी स्लिपर यांचं कधीच जमत नाही.

केव्हा जावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. धबधब्यांना भरपूर पाणी हवं असेल तर ऑक्टोबरच गाठा. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, हॉटेल ठरवताना गरम पाणी किती वाजता मिळतं ते विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये पठार ढगात बुडतं. दिसतं सुंदर, पण वाटा बंद असण्याची तयारी ठेवा.

दोन काळ मुद्दाम लक्षात ठेवा: महाशिवरात्र, आणि नागपंचमीच्या आसपासची नागद्वारी यात्रा. नागद्वारीची वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून तेवढेच काही दिवस उघडते. त्या वेळी विदर्भातून लोटणाऱ्या भाविकांनी गाव भरून जातं. यात्रेला जायचं असेल तर हीच वेळ. नुसतं हवापालटाला जायचं असेल तर हे दिवस टाळा, भाविकांची जागा अडवू नका.

मढई म्हणजे पचमढी नव्हे

वाघासाठी सफारी आरक्षित करताना लोक यादीत ‘सातपुडा’ पाहतात, पैसे भरतात आणि पचमढीला पोचल्यावर कळतं की प्रवेशद्वार मढईला आहे. मढई सोहागपूरच्या बाजूला, घाट उतरून बरंच दूर. देनवा नदी होडीतून ओलांडून पलीकडे जावं लागतं. पचमढीहून पहाटेची सफारी गाठणं धावपळीचं ठरतं. दोन्ही हवं असेल तर येताना किंवा जाताना एक मुक्काम मढईजवळ करा. गाभा क्षेत्रातल्या सफारी पावसाळ्यात बंद असतात आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात.

पैसे आणि तुमचे हक्क

- हॉटेल रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते पैसे भरण्याआधी लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही जपून ठेवा. एकदा आमचं तोंडी बोलणं झालं होतं आणि आगाऊ रक्कम बुडाली.
- दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, दुकान डोंगरावर असलं तरी.
- हॉटेलच्या बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं बजावलं आहे. शांतपणे काढून टाकायला सांगा.
- ऑनलाइन काढलेलं पूर्ण प्रतीक्षायादीतलं रेल्वे तिकीट यादी लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. त्यावर कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, पर्यटकांसाठी १३६३, आणीबाणीत ११२. निघण्याआधी तिन्ही क्रमांक फोनमध्ये टाका, कारण दरीत नेट मिळेलच असं नाही.

पचमढी हे लष्करी छावणीचं गाव आहे. लष्कराच्या इमारती आणि फाटकं यांचे फोटो काढू नका. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मुलांचंही.

शेवटची सकाळ

निघण्याच्या दिवशी पांडव गुंफा ठेवा. गावाजवळ आहेत, तासाभरात होतात. वालुकाश्मात कोरलेल्या पाच खोल्या. ‘पाच मढ्या’ यावरूनच गावाला नाव पडलं असं सांगतात. आपल्या मराठी कानाला मढी हा शब्द ओळखीचा आहे, कानिफनाथांची मढी सगळ्यांनाच ठाऊक. पांडव इथे राहिले ही लोकांची श्रद्धा. अभ्यासक मात्र या गुंफांचा संबंध बौद्ध भिक्षूंशी जोडतात. खालची बाग सपाट आहे, बाकं आहेत. गेल्या वेळी आईला आम्ही तिथेच बसवलं आणि डब्यातली शेव, दशम्या काढल्या. मुलं वर गुंफांत जाऊन आली, तिने खालूनच पाच दारं मोजली. साडेनऊला निघालात तर भोपाळला दुपारचं जेवण आणि रात्री आठच्या आत विजय नगर.